सापाची लांबी आणि आमची भीति

साप निघाल्याची आरोळी उठली म्हणजे धांवत आलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो "केवढा होता?" हा. "कोणता होता?" असें विचारणारा आम्हांस आजवर विरळाच भेटला आहे. सांगणाराहि दोन्ही हात पसरून लांबी दाखवितो, आणि ऐकणाऱ्याची भीति त्या हातांबरोबर पसरत जाते. प्रस्तुत लेखांत आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि तो चुकीचा असल्यामुळें आपल्याकडे दरवर्षीं असंख्य निरुपद्रवी साप मरतात, व त्याहून फार वाईट गोष्ट ही कीं, माणसेंहि मरतात. हा विषय शास्त्राच्या तासाचा, मराठी विभागांत त्याचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु नांवें हा तर भाषेचाच प्रांत आहे. आणि धामण, नानेटी, कवड्या, मण्यार, फुरसें हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवरून झपाट्यानें उतरत चाललीं असून त्यांच्या जागीं 'साप' हा एकच शब्द उरला आहे. ज्या वस्तूस नांव नाहीं तिच्याविषयीं विवेक करितां येत नाहीं.

पावसाळ्यांत आमचे विद्यार्थी कधीं कधीं मेलेला साप काठीच्या टोंकावर अडकवून शाळेच्या फाटकापर्यंत आणतात. मारणारा त्या दिवसापुरता वीर ठरतो, हें सांगावयास नको. गेल्या कित्येक वर्षांत असे जे साप आम्हीं पाहिले त्यांत धामणींचा भरणा सर्वांत अधिक होता. याचें कारण उघड आहे. धामण सहा फूट सहज भरते, आठ फुटांचीहि आढळते; ती दिवसाउजेडीं फिरते, शेताच्या बांधावरून, गोठ्याच्या कडेनें, कौलांवरूनहि जाते, आणि तिच्या आकारामुळें ती लवकर नजरेंत भरते. तिच्या अंगीं विषाचा एक थेंबहि नाहीं. कोंडींत सांपडली तर चावेल, रक्त येईल, आणि जखम धुऊन काढली म्हणजे प्रकरण संपेल. तिचें मुख्य भक्ष्य उंदीर व घुशी. मांजराचें तोंड जेथें शिरत नाहीं त्या बिळांत ती शिरते आणि पिलांसकट घर साफ करिते. ज्या शेतकऱ्यानें सुगीपूर्वीं धामण मारली, त्यानें आपल्या पोत्यांवरचा बिनपगारी राखणदार मारला.

परंतु धामणीविरुद्ध आरोप पुष्कळ. ती म्हशीच्या पायांस विळखा घालून दूध पिते, असें आमच्या लहानपणीं सांगत व अद्यापहि सांगतात. सापास चोखण्याजोगे ओठ नाहींत, आणि त्याचे दांत आंतल्या बाजूस वळलेले व सुईसारखे असतात. अशा दांतांनीं सड धरलेला म्हशीनें एक क्षणहि सहन केला नसता. धामण ही नागाची मादी, असाहि एक समज आहे. नागांत नर व मादी दोन्ही असतात, धामणींतहि असतात. एकाच्या संसारांत दुसऱ्याचा संबंध नाहीं. दोन साप एकमेकांस पिळे घालून अर्धे उभे राहतात त्यास लोक मीलन समजून वरून नवें वस्त्र टाकतात. वस्तुतः तें बहुधा दोन नरांचें झुंज असतें.

आतां लांबीचें माप दुसऱ्या टोंकानें लावून पाहूं. आमच्या बोर्डिंगांत कोकणांतून आलेले विद्यार्थी आहेत. त्यांस फुरसें ठाऊक असतें. फुरसें पुरें वाढलें तरी आपल्याकडे बहुधा दीड फुटाच्या आंतच. रत्नागिरी व देवगडकडील जांभ्या दगडाचे उघडे सडे हें त्याचें माहेरघर. दगडाखालीं, गवताच्या बुडख्याशीं, गडग्याच्या भेगेंत तें बसून असतें; विंचू, गोम, किडे, पाल, लहान बेडूक, उंदराचें पिलूं, जें मिळेल तें खातें. रंग मातीचा, डोक्यावर बाणासारखी पुसट खूण. चिडलें म्हणजे तें आपल्या अंगाचीं वेटोळीं एकमेकांवर घासतें, आणि करवतीसारखे खवले घासून खसखस असा आवाज निघतो. हा आवाज ओळखणें ज्यास येतें तो थबकतो. ज्यास येत नाहीं तो पुढें पाऊल टाकतो. वीतभर दिसणाऱ्या ह्या प्राण्याच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी होते, हिरड्यांतून रक्त येऊं लागतें, आणि वेळेवर उपाय न झाल्यास मनुष्य दगावतो. "एवढासा तर होता," असें म्हणून दंशाकडे दुर्लक्ष केल्याचीं उदाहरणें आम्हीं स्वतः ऐकलेलीं आहेत.

फुरशांच्या बाबतींत एक ऐतिहासिक गोष्ट पालकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. १९व्या शतकांत इंग्रज सरकारनें रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशांवर बक्षीस ठेविलें होतें. लोकांनीं तीं लाखांनीं मारून कचेरींत आणलीं व पैसे नेले. फुरसें संपलें काय? तें आजहि त्याच सड्यांवर आहे. मारून साप संपत नाहीं, याचा इतका मोठा प्रयोग एका जिल्ह्यांत सरकारी खर्चानें होऊन गेला असतां आपण काठीवरच विसंबून राहावें, ह्यास काय म्हणावें?

ह्याहूनहि अधिक कपटी मण्यार होय. 'कपटी' हा शब्द आम्ही मनुष्याच्या बाजूनें वापरितों. मण्यारास त्याची वार्ताहि नाहीं. लांबी बहुधा तीन फूट, क्वचित् पांचापर्यंत. अंग काळें निळसर, लखलखीत, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे, पुष्कळदां जोडीजोडीनें. मानेकडे हे पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात. दिवसा तो विटांच्या राशींत, उंदराच्या बिळांत, गोवऱ्यांच्या ढिगाखालीं निपचित पडून राहतो, इतका कीं मुलें त्यास काठीनें हलवून पाहतात. रात्रीं तोच निराळा होतो. दुसरे साप, पाली, उंदीर ह्यांच्या शोधांत तो घरांत शिरतो, आणि जमिनीवर पसरलेल्या अंथरुणावर निजलेला मनुष्य त्याच्या वाटेंत येतो. त्याचा दंश दुखत नाहीं, सुजत नाहीं. खूण शोधूनहि सांपडत नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, घसा धरल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, आणि अखेरीस श्वास घेण्याचे स्नायूच काम सोडतात.

ह्या वर्णनास आमच्या दृष्टीनें एक चेहरा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं सातवींतील एक हुषार विद्यार्थी सुटींत गांवीं गेला असतां पहांटे पोट दुखतें म्हणून उठला. घरच्यांनीं ओवा दिला, पोट शेकलें. रात्रीं जेवणांत कांहीं अधिकउणें झालें असेल, असें सर्वांस वाटलें, आणि तसें वाटणें स्वाभाविकच होतें. पुढें मुलाच्या पापण्या उघडेनात, तेव्हां कोणीतरी म्हणालें कीं हें बाहेरचें आहे, आणि त्यास इस्पितळाऐवजीं दोन कोसांवरच्या एका मांत्रिकाकडे नेलें. तेथून इस्पितळांत पोंचेपर्यंत दुपार झाली होती. अंथरुणाखालीं मण्यार नंतर सांपडला. त्याच्या आईवडिलांनीं ही हकीकत छापण्यास आम्हांस मोकळ्या मनानें परवानगी दिली. इतर पालकांनीं ती वाचावी अशी त्यांचीच इच्छा आहे. सकाळीं उठतांच पोटांतील कळ आणि जडावलेल्या पापण्या, एवढीं दोन लक्षणें जर त्या घरांत कोणास ठाऊक असतीं!

आणि ह्याच मण्याराच्या रूपाचा एक गरीब साप आहे, कवड्या. तोहि रात्रींचा फिरणारा, तोहि घरांत येणारा, त्याच्याहि अंगावर पांढरट पट्टे. परंतु तो दीडदोन फुटांचा, तपकिरी, आणि त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. भिंतींवरील पाली खाणें हा त्याचा धंदा. मण्यार म्हणून कवड्ये मारले जातात, हें कोणासहि क्षम्य वाटेल. परंतु कवड्या समजून कोणी मण्यार हातीं धरिला तर? म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस बजावून सांगतों कीं, ओळख ही दुरून करावयाची आहे, आणि शंका असेल तेथें साप विषारीच समजावा. नांवें शिकविण्याचा आमचा आग्रह धीट होण्यासाठीं नाहीं.

घोणशीविषयीं फार लिहावयास नको, कारण तिचा फूत्कार एकदां ऐकला तो विसरत नाहीं. कुकरची शिटी लांबत जावी तसा तो असतो. जाड अंग, त्रिकोणी डोकें, पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, लांबी तीनचार फूट. उंदरांच्या मागें ती शेतांत येते, आणि कापणीच्या वेळीं गवतांत घातलेला हात तिच्या तोंडीं जातो. ती अंडीं घालीत नाहीं. एकेका वेळीं वीसचाळीस जिवंत पिलांस जन्म देते, व तीं जन्मतःच विषारी असतात. तिच्याशीं साम्य असल्यामुळें अजगराचीं पिलें आणि बिचारी डुरक्या घोणस मारलीं जातात. डुरक्या घोणशीचें नांव तेवढें भयंकर आहे, विष मुळींच नाहीं. घोणशीस इंग्रजींत पॅट्रिक रसेल ह्या डॉक्टरांचें नांव आहे. कंपनी सरकारच्या नोकरींत विशाखापट्टणाकडे असतां त्यांनीं साप जमविले, रेखाटविले, आणि १७९६ सालीं मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. विषारी कोणता व बिनविषारी कोणता हें लोकांस पाहून ओळखतां यावें, हाच त्यांच्या खटपटीचा एक हेतु होता. सव्वादोनशें वर्षें होऊन गेलीं; आमच्या मुलांस तें अद्याप ओळखतां येत नाहीं.

राहिला नाग. तीनपासून पांच फुटांचा हा साप सर्वांस माहीत आहे, आणि आमच्या मतें चौघांत तोच त्यांतल्या त्यांत सरळ मनाचा. कारण तो फणा काढून आधीं सूचना देतो. उंदीर, बेडूक, पक्ष्यांचीं अंडीं, इतर साप हें त्याचें अन्न. दूध हें कोणत्याहि सापाचें अन्न नव्हे. तहानेनें व्याकुळ केलेला साप पाणी समजून तें पितो, व तें त्यास बाधतें. पुंगीवर तो डोलतो असें म्हणतात, पण त्याचें लक्ष पुंगीच्या हालचालीकडे असतें, स्वरांकडे नव्हे. सापास बाहेरचा कान नाहीं; जमिनीचा कंप त्यास जबड्याच्या हाडांवाटें चांगला कळतो. यास्तव अंधारांत चालतांना पाय आपटीत चालावें, ही जुन्या लोकांची सूचना शास्त्रासहि धरून आहे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसें. हिंदुस्थानांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाति आहेत, परंतु माणसांस होणाऱ्या प्राणघातक दंशांचा बहुतेक भार ह्या चौघांवर पडतो, आणि चौघांपैकीं एकहि धामणीच्या लांबीस पोंचत नाहीं. उलट पक्षीं, विषारी सापांत जगांत सर्वांत लांब जो नागराज, त्याच्या दंशानें मेलेल्या माणसांचीं उदाहरणें फार थोडीं आहेत. तो बारातेरा फूट सहज वाढतो, नोंद झालेला सर्वांत मोठा तर अठरा फुटांवर होता. पण तो महाराष्ट्राच्या अगदीं दक्षिण टोंकाच्या दाट रानांत, गोव्यांत आणि त्याखालीं कर्नाटकाच्या घाटांत राहतो, प्रायः दुसरे साप खातो, आणि माणसाच्या वाटेस जात नाहीं. त्याची मादी पालापाचोळा गोळा करून घरटें करिते व अंड्यांवर राखण बसते. सह्याद्रींतील नागराज ही निराळीच जाति आहे, असें २०२४ सालीं शास्त्रज्ञांनीं ठरविलें. इतका मोठा प्राणी, आणि त्याचें खरें कूळ कालपरवां कळलें!

लहानग्यांत वाळा पाहावा. पांचसहा इंच लांब, गांडुळासारखा, कुंडींतील मातींत सांपडतो, मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं खातो. आपल्या अंगणांतील ह्या जातींत नर नाहींतच, सर्व माद्या, आणि त्या नराविनाच अंडीं घालतात. हाच प्राणी झाडांच्या कुंड्यांतून जगभर पसरला आहे. फुरशाहून लहान, आणि सर्वस्वीं निरुपद्रवी. म्हणजे लांबी उलटी लावूनहि माप जुळत नाहीं. मांडूळ शेपूट आंखूड व बोथट असल्यामुळें 'दुतोंड्या' ठरलें, आणि त्याच्यामुळें गुप्तधन मिळतें असल्या भूलथापांनीं चोरट्या बाजारांत विकलें जाऊं लागलें. हरणटोळ झाडावरून टाळूवर दंश करितो म्हणतात. तो बिचारा हिरव्या फांदीसारखा लोंबत सरड्यांची वाट पाहत असतो. पाण्यांतला विरोळा चावरा आहे खरा, पण मासे व बेडूक खाऊन राहतो आणि विषारी नाहीं. घाटांतील बांबूंच्या बेटांत राहणारा हिरवा चापडा मात्र विषारी आहे, हें सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीवरून असा अंदाज निघाला कीं, २००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत ह्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं; म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलें होतीं, आणि निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले. हे आंकडे आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां मुलें गप्प होतात. २०२४ सालीं भारत सरकारनें सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. परंतु कोणतीहि योजना घरांतील अंथरुणापर्यंत पोंचावयाची तर ती शाळेच्या वाटेनेंच पोंचेल.

उपाय नाहीं असेंहि नाहीं. घोड्यांस थोडें थोडें विष टोंचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष करण्याची युक्ति १८९०च्या दशकांत निघाली. मुंबईंत परळच्या हाफकिन संस्थेंत तें पुष्कळ वर्षें तयार होत आलें. त्यासाठीं लागणारें विष मोठ्या प्रमाणांत तामिळनाडूंतील इरुळ ह्या आदिवासी लोकांच्या १९७८ सालच्या सहकारी संस्थेंतून येतें. पिढ्यान् पिढ्या साप ओळखणारे हे लोक साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हां रानांत सोडून देतात. त्यांच्यांतील वडिवेल गोपाल व मासी सदैयन ह्या दोघांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. ज्यांस सुशिक्षित समाजानें अडाणी म्हटलें त्यांच्या ज्ञानावर आज सुशिक्षितांचीं मुलें वांचतात.

येथें एक चाणाक्ष पालक म्हणतील: हें प्रतिविष जर नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांवर एकच चालतें, तर मग साप ओळखून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो मानतों. दंश झाल्यावर साप ओळखीत बसण्याची मुळींच गरज नाहीं. त्यास शोधण्यांत, मारण्यांत, मारून इस्पितळांत नेण्यांत वेळ तर जातोच, आणि दुसऱ्या माणसास दंश होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर लक्षणें पाहतात. काचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें स्थिर ठेवितात व तें गोठतें कीं नाहीं एवढ्यावरून पुष्कळ कांहीं जाणतात. ओळख हवी ती दंशापूर्वीं. मण्यार रात्रीं जमिनीवरून फिरतो हें ज्यास ठाऊक आहे तो खाटेवर निजतो, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखालीं नीट खोंचून निजतो. फुरसें दगडाखालीं असतें हें ज्यास ठाऊक आहे तो दगड उचलतांना पलीकडच्या कडेस बोटें घालीत नाहीं. घोणस उंदरांमागें येते हें ज्यास ठाऊक आहे तो धान्य उघडें ठेवीत नाहीं. सापाचें भक्ष्य व वसतिस्थान ठाऊक असणें ह्याचाच अर्थ तो कोठें भेटेल हें ठाऊक असणें.

मंत्रतंत्राविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मांत्रिकाकडे नेलेले पुष्कळ लोक बरे होतात, हें खरें आहे. परंतु बहुतेक साप बिनविषारी. आणि विषारी साप चावला तरी दरवेळीं तो विष सोडतोच असें नाहीं. मग शंभरांतील जे आपोआप बरे व्हावयाचे त्यांचें श्रेय मंत्रास, आणि जे मेले त्यांचें अपश्रेय नशिबास, असा हा हिशेब आहे. ह्यांत कोणाच्या धर्माचा प्रश्न नाहीं. आमच्या ख्रिस्ती वस्त्यांतूनहि, इस्पितळ जवळ असतां, रोग्यास आधीं 'उतरविण्यास' नेलेलें आम्हांस ठाऊक आहे. मांत्रिक वाईट मनुष्य असतोच असेंहि नाहीं. तो रोग्याचा वेळ घेतो, आणि मण्याराच्या दंशांत वेळ हीच एक गोष्ट आपल्या हातीं असते; उशिरा दिलेलें प्रतिविष झालेली हानि भरून काढीत नाहीं, मग कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरच सारी भिस्त राहते.

तेव्हां दंश झाल्यास काय करावें तें विद्यार्थ्यांनीं पाठ करावें. जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून दोरी बांधूं नये. ह्या तिन्ही जुन्या उपायांनीं अपायच होतो. हातांतील आंगठी, कडें, घड्याळ काढून ठेवावें, कारण सूज येईल. दंश झालेला हात किंवा पाय लांकडी पट्टीस सैल बांधून हलूं देऊं नये. रोग्यास चालवूं नये, पळवूं तर नयेच. धीर द्यावा. १०८ क्रमांकावर फोन करावा, अथवा मिळेल त्या वाहनानें, जेथें प्रतिविष आहे अशा सरकारी इस्पितळांत न्यावें. जवळच्या इस्पितळांत तें ठेवितात कीं नाहीं ह्याची चौकशी पालकांनीं आजच, निवांतपणीं करून ठेवावी, अशी आमची विनंति आहे.

एका नव्या वेडाचाहि उल्लेख केला पाहिजे. मोठे विद्यार्थी हल्लीं सापास शेपटीनें धरून फोनवर आपलीं छायाचित्रें घेतात आणि तीं सर्वत्र पाठवितात. पूर्वीं मारणारा वीर होता, आतां धरणारा वीर झाला. सापाच्या व मुलाच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच. १९७२च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यान्वयें सापास मारणें, पकडणें, बाळगणें ह्यांवर निर्बंध आहेत, हें त्यांच्या कानावर घालावें. घरांत साप निघाला तर मुलांस बाहेर न्यावें, एका जाणत्यानें दुरून त्यावर नजर ठेवावी, आणि वनखात्यास किंवा त्यांच्या माहितींतील शिकलेल्या सर्पमित्रास बोलवावें.

शास्त्राच्या खोलींत आम्हीं एक तक्ता लाविला आहे. त्यांत चार विषारी सापांचीं चित्रें असून प्रत्येकाशेजारीं त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी साप काढिला आहे, आणि खालीं मराठी नांवें, राहण्याचें ठिकाण व अन्न लिहिलें आहे. लांबी मुद्दाम शेवटच्या ओळींत घातली आहे. एकाच सापास घाटावर एक व कोकणांत दुसरें नांव असतें. आपल्या गांवीं निराळें नांव चालत असेल तर पालकांनीं तें मुलांबरोबर लिहून पाठवावें. तक्त्यावर त्यासाठीं उजवीकडे जागा मोकळी ठेविली आहे.